घन पॉलिमर इन्सुलेशनमध्ये ब्रेकडाऊन कसा वाढतो: इलेक्ट्रिकल ट्री प्रयोगशाळेत वाढवून पाहण्याची आणि वाचण्याची पद्धत

पॉलिइथिलीनची पातळ, निर्दोष फिल्म काही शे किलोव्होल्ट प्रति मिमी इतकं विद्युतक्षेत्र सहन करते. आता त्याच कुळातल्या एक्सएलपीईची (साखळ्या एकमेकींना जोडलेल्या, म्हणजे क्रॉसलिंक केलेल्या पॉलिइथिलीनची) ११ केव्हीची केबल घ्या. ३.४ मिमी इन्सुलेशनवर फेज ते अर्थ ६.३५ केव्ही, म्हणजे सरासरी १.९ केव्ही प्रति मिमी. एवढी प्रचंड मोकळीक असूनही अशा केबल काही वर्षांनी फुटतात. सरासरी क्षेत्र इथे फारसं काही सांगत नाही. ब्रेकडाऊन, म्हणजे इन्सुलेशन फुटून त्यातून प्रवाह वाहू लागणं, एखाद्या बिंदूवरच्या क्षेत्रामुळे सुरू होतो, हळूहळू आत सरकतो, आणि ट्रिप झालेल्या ब्रेकरवरून आपल्याला कळतो तो त्याचा शेवटचा क्षण.

मधला प्रवास डोळ्यांनी पाहायची सगळ्यात खात्रीची पद्धत म्हणजे सुई-पट्टी चाचणी. पारदर्शक पॉलिमरमध्ये टोकदार सुई बसवायची, समोर सपाट इलेक्ट्रोड (पट्टी) ठेवायचा, एसी व्होल्टेज द्यायचं आणि टोकापासून निघणाऱ्या फांद्या सूक्ष्मदर्शकाखाली मोजायच्या. या फांद्यांच्या जाळ्याला इलेक्ट्रिकल ट्री म्हणतात. पुढे सोयीसाठी नुसतं ‘झाड’ म्हणू. नमुना कसा बनवायचा, काय पाहायचं, कुठे फसगत होते आणि फुटलेल्या केबलच्या कापात हेच कसं ओळखायचं, ते क्रमाने घेऊ.

आधी टोकाशी किती क्षेत्र आहे ते काढा

सुईच्या टोकाची त्रिज्या आणि टोकापासून पट्टीपर्यंतचं अंतर कळलं की टोकावरचं क्षेत्र या सूत्राने निघतं:

क्षेत्र = २ × व्होल्टेज ÷ [त्रिज्या × नैसर्गिक लॉग (१ + ४ × अंतर ÷ त्रिज्या)]

त्रिज्या ५ मायक्रॉन, अंतर २ मिमी आणि व्होल्टेज १० केव्ही आरएमएस धरा. शिखरमूल्य १४.१ केव्ही. कंसातला आकडा १६०१, त्याचा लॉग ७.३८. उत्तर येतं साधारण ७६५ केव्ही प्रति मिमी. याच नमुन्यातलं सरासरी क्षेत्र शिखरावर जेमतेम ७ केव्ही प्रति मिमी आहे, म्हणजे टोकाशी शंभरपटीहून जास्त. त्रिज्या १० मायक्रॉन झाली तर हाच आकडा ४२० च्या आसपास उतरतो. डोळ्याला दोन्ही सुया सारख्याच दिसतात, पण निकालात फरक जमीन-अस्मानाचा. म्हणून प्रत्येक सुईचं टोक वापरण्यापूर्वी सूक्ष्मदर्शकाखाली मोजायलाच हवं. ‘डब्यावर ५ मायक्रॉन लिहिलंय’ एवढ्यावर भागत नाही.

प्रत्यक्षात टोकाशी पूर्ण ७६५ कधीच टिकत नाही. टोकातून इलेक्ट्रॉन पॉलिमरमध्ये शिरतात, तिथल्या सापळ्यांमध्ये अडकतात आणि स्वतःच्या भारामुळे टोकाचं क्षेत्र दाबतात. सूत्राचा उपयोग वेगवेगळ्या नमुन्यांची तुलना करायला होतो, पदार्थाची खरी ताकद काढायला नाही.

नमुना: इथेच चाचणी जिंकता किंवा हरता

सुरुवातीला पारदर्शक इपॉक्सी घ्या. आत काय चाललंय ते सरळ दिसतं. ठोकळा साधारण २५ मिमी रुंद, २५ मिमी उंच आणि ८ ते १० मिमी जाड असावा. सुई ठोकळ्याच्या मध्यावर, टोक तळापासून २ मिमीवर. बाजूचा पृष्ठभाग सुईच्या अक्षापासून किमान ४ मिमी दूर राहिला पाहिजे, नाहीतर झाड तळाऐवजी बाजूला वळतं.

सुई १ मिमी व्यासाची, ३० अंशांच्या टोकाची, ५ मायक्रॉन त्रिज्येची घ्या. ॲसिटोनने पुसून मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुवा आणि कोरडी करा. बोटांचं तेल टोकाला लागलं की तिथे इपॉक्सी चिकटत नाही. साच्याला मोल्ड रिलीज (ठोकळा चिकटू नये म्हणून लावायचा लेप) लावायचा असेल तर सुई बसवण्याआधी लावा आणि पूर्ण वाळू द्या. त्याचा थेंबसुद्धा सुईवर जाता कामा नये. टेफ्लॉनचा किंवा सिलिकॉनचा साचा वापरला तर रिलीजची गरजच पडत नाही.

रेझिन आणि हार्डनर उत्पादकाने दिलेल्या प्रमाणात, वजनाने मोजा. प्रमाण चुकलं की काचसंक्रमण तापमान (ज्याच्या वर कडक पॉलिमर लवचीक होतो ते तापमान) बदलतं आणि त्याबरोबर झाडाचा सगळा स्वभाव बदलतो (का, ते पुढे येईल). मिश्रण सावकाश ढवळून व्हॅक्यूम चेंबरमध्ये ठेवा. आधी फेस वर चढेल, मग बसेल. फेस बसल्यावरही आणखी १० मिनिटं तसंच राहू द्या. मिश्रण साच्याच्या कडेने, बारीक धारेने ओता. सरळ सुईवर ओतलं तर टोकाखाली बुडबुडा अडकतो. ओतून झाल्यावर पुन्हा एकदा व्हॅक्यूम द्या.

घट्ट होण्याचं वेळापत्रक उत्पादकाचंच पाळा, पण थंड करताना घाई नको. तासाला १० ते १५ अंशांपेक्षा जास्त वेगाने तापमान उतरू देऊ नका. इपॉक्सी पोलादापेक्षा कितीतरी जास्त आकसतं. झटकन थंड केलं की टोकाभोवती ताण गोठतो किंवा सुई आणि इपॉक्सी यांच्यात केसाएवढी फट पडते.

ठोकळा बाहेर काढल्यावर दोन तपासण्या करा. दोन्हींत उतरलेला नमुनाच पुढे जाईल.

पहिली तपासणी: एकमेकांना काटकोनात ठेवलेल्या दोन पोलरायझरमध्ये ठोकळा धरा. टोकाभोवती रंगीत, दाट पट्टे दिसले तर आत ताण आहे. काचसंक्रमण तापमानाच्या थोडं वर पुन्हा तापवून सावकाश थंड केल्यास बहुतेक वेळा तो सुटतो.

दुसरी: १०० पट मोठं करून टोक पाहा. चांगल्या नमुन्यात सुईचा धातू काळपट, मंद दिसतो. टोकाच्या कडेला आरशासारखी चंदेरी रेघ चमकली तर ती हवेची फट आहे. असा ठोकळा बाजूला काढा. तो वापरलात तर पहिल्या मिनिटालाच डिस्चार्ज (फटीतल्या हवेत पडणाऱ्या सूक्ष्म ठिणग्या) सुरू होतील आणि तुम्ही पॉलिमरऐवजी त्या फटीतली हवा मोजत बसाल. आमच्या मते या चाचणीतले निम्म्याहून अधिक बेभरवशाचे निकाल या एका फटीतून येतात.

शेवटी ठोकळ्याचा तळ पॉलिश करून त्यावर वाहक चांदीचा किंवा ग्रॅफाइटचा रंग लावा. नुसता ठोकळा धातूच्या पट्टीवर ठेवला तर दोघांमध्ये हवेचा थर राहतो आणि तिथेही डिस्चार्ज होतात. नमुने डेसिकेटरमध्ये ठेवा. इपॉक्सी हवेतली ओल शोषतं आणि ओल्या नमुन्यात झाड लवकर उगवतं.

एक्सएलपीई वापरायचं असेल तर ते सुईभोवती ओतता येत नाही, सुई आत ढकलावी लागते. त्याआधी पदार्थ ७० अंश सेल्सिअसला काही दिवस ठेवून त्यातले वायू आणि उपउत्पादनं बाहेर काढा. डायक्युमिल पेरॉक्साइडने क्रॉसलिंक केलेल्या पदार्थात ॲसिटोफेनोन, क्युमिल अल्कोहोल आणि मिथेन उरतात. यातलं ॲसिटोफेनोन झाडाची सुरुवात लांबवतं. त्यामुळे ताजा नमुना फसवा चांगला निकाल देतो, आणि तोच पदार्थ दोन महिन्यांनी तपासला की ‘बिघडला’ असं वाटतं.

सुई थंड पदार्थात कधीच घुसवू नका. टोकापुढे तडा जातो आणि पुढे झाड त्या तड्यातूनच धावतं. ठोकळा १२० अंशांच्या आसपास तापवा. स्फटिक वितळून दुधी पदार्थ पारदर्शक झाला की सुई मिनिटाला साधारण १ मिमी या वेगाने ढकला. अपेक्षित खोलीवर आल्यावर १० ते १५ मिनिटं त्याच तापमानाला थांबा, मग ओव्हन बंद करून आतच थंड होऊ द्या. एकदा वापरलेली सुई परत वापरायची नाही. टोक बोथटलेलं असतं.

सर्किट आणि सुरक्षा

यासाठी उच्च दाबाची प्रयोगशाळाच हवी: बंद जाळीचा कक्ष, दार उघडताच पुरवठा तोडणारा इंटरलॉक, अर्थिंगची काठी आणि खोलीत किमान दोन माणसं. कपलिंग कपॅसिटर (डिस्चार्ज मोजण्यासाठी जोडलेला) असेल तर पुरवठा बंद झाल्यावरही त्यात भार राहतो. काठीने अर्थ केल्याशिवाय आणि ती काठी तिथेच टांगून ठेवल्याशिवाय कशालाही हात लावायचा नाही. निऑन बोर्डाच्या किंवा जुन्या टीव्हीच्या ट्रान्सफॉर्मरवर घरी हे करू नका. १० केव्हीला दुसरी संधी मिळत नाही.

५० हर्ट्‌झचा, स्वतः डिस्चार्जमुक्त असलेला चाचणी ट्रान्सफॉर्मर घ्या आणि त्यापुढे मालिकेत १ मेगओहमच्या आसपासचा रोधक जोडा. ब्रेकडाऊनच्या क्षणी प्रवाह १०-१५ मिलिअँपिअरपुरता राहिला तर झाड जळून खाक होत नाही. सोबत अतिप्रवाह ट्रिप आणि व्होल्टेज डिव्हायडर हवेतच. नमुना काचेच्या भांड्यात, सिलिकॉन तेलात पूर्ण बुडवा. उघड्या हवेत ठिणगी ठोकळ्याच्या पृष्ठभागावरून फिरून खाली जाते. प्रकाश मागून द्या. कॅमेऱ्याची भिंग लांब कार्य-अंतराची घ्या आणि एका पिक्सेलमागे २ मायक्रॉन येतील अशी बसवा.

आंशिक डिस्चार्ज, म्हणजे पीडी (दोन्ही इलेक्ट्रोडमधलं पूर्ण अंतर न ओलांडणारे छोटे डिस्चार्ज), मोजायचे असतील तर आधी सुई नसलेला कोरा ठोकळा लावून पूर्ण व्होल्टेजपर्यंत चढवा. मीटरवर १ पिकोकूलंबच्या वर काही दिसलं तर दोष जोडणीत आहे: एखादी टोकदार क्लिप, तेलातला बुडबुडा, सैल नट. ते सापडेपर्यंत खरा नमुना लावू नका.

व्होल्टेज दिल्यावर काय घडतं

व्होल्टेज सेकंदाला अर्धा केव्ही या वेगाने १० केव्हीपर्यंत न्या आणि स्थिर ठेवा. दर ३० सेकंदांनी छायाचित्र घ्या.

सुरुवातीला काहीच दिसणार नाही, काही मिनिटं किंवा काही तास. मीटरही शांत असतो. आत मात्र दर अर्ध्या सायकलला काम चालू आहे. ऋण अर्ध्यात टोकातून इलेक्ट्रॉन पॉलिमरमध्ये शिरतात, धन अर्ध्यात परत ओढले जातात किंवा विरुद्ध भाराशी जुळून संपतात. या जुळण्यातून क्षीण प्रकाश निघतो आणि त्यात अतिनील किरणही असतात. कार्बन-कार्बन बंध तोडायला साधारण ३.६ इलेक्ट्रॉनव्होल्ट पुरतात, आणि अतिनील फोटॉनकडे तेवढी ऊर्जा असते. तुटलेल्या साखळीची मुक्त मूलकं (फ्री रॅडिकल) ऑक्सिजनशी जोडली जातात, साखळ्या आणखी तुटतात, घनता घटते आणि टोकासमोर सूक्ष्म पोकळी तयार होते. पदार्थातून ऑक्सिजन काढून टाकला की ही पायरी बरीच लांबते, ती यामुळेच.

पोकळी झाली म्हणजे लगेच डिस्चार्ज होईल असं नाही. साध्या दाबाच्या हवेत कोणतंही अंतर ओलांडायला किमान ३२७ व्होल्ट लागतात आणि हा किमान आकडा साधारण ७.५ मायक्रॉन अंतरावर येतो. पोकळी त्याहून लहान असेल तर लागणारं व्होल्टेज उलट वाढतं. म्हणून पोकळी काही मायक्रॉन वाढेपर्यंत मीटर गप्प असतो, आणि मग अचानक पहिले स्पंद दिसतात. १० मायक्रॉनची फांदी दिसली की ‘झाड उगवलं’ असं धरा आणि वेळ नोंदवा. एकदा ही मर्यादा ठरवली की सगळ्या नमुन्यांना तीच लावायची.

आता छायाचित्रांमधलं अंतर १० सेकंदांवर आणा. पहिल्या फांद्या झपाट्याने निघतात. त्यांचा व्यास १ ते २० मायक्रॉन असतो आणि त्या पोकळ नळ्या असतात. प्रत्येक डिस्चार्ज नळीच्या टोकावर आदळून थोडा पदार्थ खातो आणि नळी पुढे सरकते. पॉलिमर तुटून हायड्रोजन, कार्बन मोनॉक्साइड आणि इतर वायू निघतात. बारीक नळीत त्यांचा दाब चढतो. दाब चढला की डिस्चार्ज व्हायला जास्त व्होल्टेज लागतं, म्हणून पीडी मधूनच थांबतात. वायू हळूहळू पॉलिमरमध्ये झिरपून दाब उतरला की पुन्हा सुरू होतात. मीटर २० मिनिटं शांत झाला म्हणून चाचणी संपली असं समजू नका. झाड तिथेच आहे.

मधल्या टप्प्यात वाढ मंदावते. फांद्या पसरतात, त्यांच्यातला भार एकमेकांचं क्षेत्र दाबतो. मग एखादी फांदी तळाच्या जवळ पोहोचली की उरलेल्या थोड्या अंतरात क्षेत्र झपाट्याने वाढतं आणि वेग पुन्हा चढतो. लांबी आणि वेळ यांचा आलेख काढला तर सुरुवातीला उभा, मध्ये जवळपास आडवा आणि शेवटी पुन्हा उभा असा येतो. मधला आडवा भाग पाहून ‘झाड थांबलं’ असा निष्कर्ष अहवालात लिहिला जातो. ती या चाचणीतली सगळ्यात महागात पडणारी चूक आहे.

फांदी तळाला टेकली म्हणजे त्याच क्षणी ब्रेकडाऊन होतो, असंही नाही. काही वेळा तळाच्या बाजूने उलटी, जाड नळ्यांची झाडं सुईकडे निघतात. नळ्या रुंदावतात, भिंती जळून वाहक होतात आणि मगच विद्युत कंस (आर्क) पेटतो. कंस पेटला की मधल्या सगळ्या खुणांच्या जागी मिमीच्या दशांशांएवढी काळी, वितळलेली नळी उरते. झाडाचा अभ्यास करायचा असेल तर फांदी तळापासून २००-३०० मायक्रॉनवर असतानाच व्होल्टेज काढा. ब्रेकडाऊनपर्यंत नेलेला नमुना फक्त वेळ सांगतो.

फांद्यांचा आकार काय सांगतो

आकाराकडे नीट पाहा. त्यात बरंच काही दडलेलं असतं.

विरळ, लांब फांद्यांचं झाड पट्टीकडे थेट धावतं. दाट, गोल झुडपासारखं झाड रुंदीत वाढतं आणि पुढे सावकाश सरकतं. एक्सएलपीईत कमी व्होल्टेजला विरळ आणि जास्त व्होल्टेजला झुडूप मिळतं. यातून एक उलटी गोष्ट घडते. व्होल्टेज वाढवलं तर झाड लवकर उगवतं, पण झुडूप झाल्यामुळे पट्टीपर्यंत पोहोचायला त्याला कमी व्होल्टेजच्या विरळ झाडापेक्षा जास्त वेळ लागू शकतो. दाट झुडूप आपल्या भाराने पुढच्या टोकांना झाकून ठेवतं. म्हणून एकाच व्होल्टेजवरून पदार्थ चांगला की वाईट ठरवू नका. किमान तीन पातळ्या घ्या, जसं १०, १२ आणि १५ केव्ही, आणि उगवण्याचा वेळ व वाढीचा वेळ वेगवेगळे लिहा. एका पदार्थात झाड उशिरा उगवून लगेच फोडतं, दुसऱ्यात लवकर उगवून रेंगाळतं. एकूण वेळ दोघांचा सारखा येईल, पण दोघांवर करायचे उपाय वेगळे.

इपॉक्सीत काचसंक्रमण तापमान निर्णायक ठरतं. त्याखाली, म्हणजे कडक काचेसारख्या अवस्थेत, नळ्यांच्या भिंती कार्बनने काळ्या आणि वाहक होतात. अशा झाडात डिस्चार्ज मुख्यतः फांद्यांच्या टोकांशी होतात आणि वाढ विरळ फांद्यांची असते. त्याच्या वर, लवचीक अवस्थेत, नळ्या वाहक होत नाहीत, डिस्चार्ज नळीभर धावतात आणि झुडूप तयार होतं. हार्डनर थोडा कमी पडला आणि हे तापमान खोलीच्या तापमानाजवळ आलं तर सकाळच्या आणि दुपारच्या नमुन्यांत वेगळी झाडं दिसतील. म्हणून तेलाचं तापमान २ अंशांच्या आत स्थिर ठेवा आणि प्रत्येक बॅचचं काचसंक्रमण तापमान मोजून घ्या.

आकडे कसे मांडायचे

एका परिस्थितीत ८ ते १० नमुने तरी हवेत. वेळ चार-पाच पट इकडे-तिकडे होणं या चाचणीत नित्याचं आहे. सरासरी काढून थांबू नका, वायबुल वितरणावर (बिघाडाच्या वेळांसाठी वापरलं जाणारं सांख्यिकी वितरण) मांडा आणि ६३.२ टक्के नमुने फुटायला लागणारा वेळ व उताराचा घातांक हे दोन्ही द्या. उतार मध्येच मोडत असेल, म्हणजे पहिले दोन-तीन नमुने वेगळ्या रेषेवर आणि बाकीचे वेगळ्या, तर दोन वेगळ्या यंत्रणा मिसळल्या आहेत. बहुधा पहिल्या दोन-तीन नमुन्यांच्या टोकाशी फट होती. त्यांचे आधी काढलेले फोटो पुन्हा उघडून पाहा. ठरलेल्या मुदतीत न फुटलेले नमुने टाकून देऊ नका. ‘अमुक तासांपर्यंत टिकला’ अशी नोंद करूनच ते हिशेबात येतात. त्यांना वगळलं तर पदार्थ आहे त्याहून कमकुवत दिसतो.

केबलच्या आयुष्याच्या अंदाजाला व्यस्त घात नियम वापरतात: वेळ गुणिले क्षेत्राचा नववा किंवा त्याहून मोठा घात स्थिर. घातांक ९ धरला तर क्षेत्र दुप्पट झाल्यावर आयुष्य ५१२ पटींनी घटतं. हा नियम सुई-पट्टीच्या ब्रेकडाऊन वेळांना लावून वीस वर्षांचा अंदाज काढू नका. झुडूप आणि विरळ फांद्यांमधली अदलाबदल या नियमात मुळातच बसत नाही.

डीसी दिला तर

तोच नमुना डीसीवर ठेवला तर एसीच्या कितीतरी जास्त व्होल्टेजलाही झाड उगवत नाही. टोकातून शिरलेला भार टोकाभोवती साठून क्षेत्र दाबून ठेवतो आणि तो दर अर्ध्या सायकलला उलटत नाही. धोका व्होल्टेज काढताना असतो. सुई अचानक अर्थ केली की टोकाचं व्होल्टेज शून्यावर येतं, पण साठलेला भार जागेवरच राहतो आणि आता त्याचंच क्षेत्र टोकावर येतं. झाड त्या एका क्षणात उमटतं. म्हणून डीसी चाचणीनंतर नमुना मोठ्या रोधकातून सावकाश उतरवा आणि पुरेसा वेळ तसाच ठेवून मग पक्का अर्थ करा. जुन्या, पाणी मुरलेल्या एक्सएलपीई केबलना डीसी चाचणीने इजा होते, ती याच साठलेल्या भारामुळे. अशा केबलसाठी ०.१ हर्ट्‌झची चाचणी वापरायला लागले, त्यामागे हे एक मोठं कारण आहे.

फुटलेल्या केबलच्या कापात काय शोधायचं

जिथे फॉल्ट झाला तो भाग जळालेला असतो. तिथून फार काही मिळत नाही. त्याच्या दोन्ही बाजूंचा अर्धा-अर्धा मीटर तुकडा घ्या आणि कापल्यावर टोकं लगेच बंद करा, म्हणजे ओल टिकेल. इन्सुलेशनचे ०.२ ते ०.५ मिमी जाडीचे काप मायक्रोटोमवर किंवा लेथवर सर्पिल पट्टीसारखे काढा. पातं बोथट असेल तर कापावर त्याच्या रेघा उमटतात आणि त्या फांद्यांसारख्या भासतात.

इथे दोन प्रकारची झाडं भेटतात. वॉटर ट्री पाणी आणि एसी क्षेत्र यांच्या संगतीने, अगदी कमी क्षेत्रातही, वर्षानुवर्षं वाढते. ती पोकळ नळी नसते. पाण्याने भरलेल्या सूक्ष्म पोकळ्यांची माळ असते. काप वाळला की ती दिसेनाशी होते, गरम पाण्यात उकळला की परत दिसते. इलेक्ट्रिकल ट्री वाळल्यावरही तशीच काळपट दिसत राहते. शंका आली तर हीच तपासणी सगळ्यात सोपी.

कायमची नोंद हवी असेल तर रंग द्या. २५० मिलि पाण्यात अर्धा ग्रॅम मेथिलीन ब्लू आणि थोडा संहत अमोनिया मिसळा, ७० अंशांवर ठेवा आणि काप त्यात बुडवा. अधूनमधून एक काप काढून धुऊन पाहा. झाडं गडद निळी आणि आजूबाजूचा पदार्थ फिकट असेल तिथे थांबा. अमोनियाचं काम फ्यूम हूडखाली करा.

कापात झाड कुठून निघालंय ते पाहा. इन्सुलेशनच्या आत एखाद्या कणापासून किंवा पोकळीपासून दोन्ही दिशांना निघालेलं झाड बहुधा लहानच राहतं, कारण त्याला पाण्याचा पुरवठा मर्यादित असतो. वाहकावरच्या किंवा बाहेरच्या अर्धवाहक थरापासून (इन्सुलेशनच्या आतल्या-बाहेरच्या पृष्ठभागावर क्षेत्र एकसारखं ठेवणारा थर) निघालेलं झाड जास्त धोक्याचं, कारण त्याला पाणी सतत मिळत राहतं आणि ते पूर्ण जाडी पार करू शकतं. अशा झाडाच्या मुळाशी अर्धवाहक थराचा उंचवटा आहे का ते बघा, असेल तर त्याची उंची मोजा. वॉटर ट्रीच्या टोकाशी काळी, बारीक फांदी सापडली तर आकाशातल्या विजेच्या किंवा स्विचिंगच्या आघाताने तिथून इलेक्ट्रिकल ट्री सुरू झाली असण्याची शक्यता मोठी. नुसती वॉटर ट्री वर्षं काढते. तिच्या टोकावर इलेक्ट्रिकल ट्री आली की उरलेला वेळ थोडा.

पोकळ्या मोजताना त्यांचा आकारही लिहा. पॉलिइथिलीनमधल्या गोल पोकळीत क्षेत्र बाहेरच्यापेक्षा १.२३ पट असतं, क्षेत्राला आडव्या चपट्या पोकळीत २.३ पट. अर्धवाहक थर सुटून पडलेली पातळ फट गोल बुडबुड्यापेक्षा वाईट, ती यामुळे.

प्रत्येक ब्रेकडाऊन झाडाचा नसतो

भोकाभोवती रुंद, तपकिरी, मऊ पडलेला भाग असेल आणि फांद्या कुठेच नसतील तर उष्णतेचा ब्रेकडाऊन धरा. तापमान वाढलं की वाहकता झपाट्याने वाढते, त्यातून आणखी उष्णता निघते. बाहेर जाणाऱ्या उष्णतेपेक्षा आत तयार होणारी जास्त झाली की तापमान सुटतं. पीव्हीसीत एसी क्षेत्रातली ऊर्जाहानी मोठी असल्यामुळे हे लवकर होतं. एक्सएलपीईत ९० अंशांच्या आत सहसा होत नाही. झालंच तर आधी जॉइंट किंवा शेजारचा उष्णतेचा स्रोत तपासा.

तापून मऊ झालेल्या थर्मोप्लास्टिकमध्ये इलेक्ट्रोडमधलं आकर्षणच पदार्थ दाबत नेतं. स्टार्क आणि गार्टन यांनी १९५५ मध्ये हे पॉलिथीनवर दाखवलं: जाडी मूळच्या सुमारे ६० टक्क्यांवर आली की समतोल उरत नाही आणि थर कोसळतो. मर्यादा क्षेत्र म्हणजे ०.६ गुणिले, यंग मापांक (पदार्थाचा कडकपणा) भागिले परवैद्युतांक (परमिटिव्हिटी) याचं वर्गमूळ. मापांक १ मेगापास्कलपर्यंत उतरला तर पॉलिइथिलीनसाठी हे साधारण १३० केव्ही प्रति मिमी येतं. केबलच्या नेहमीच्या क्षेत्रात ही भीती नाही. गरम, पातळ फिल्मच्या कपॅसिटरमध्ये मात्र याचा हिशेब करावा लागतो.

सपाट पत्र्याच्या झटपट चाचणीत, म्हणजे वर २५ मिमी आणि खाली ७५ मिमीचे ३ मिमी गोलाईच्या कडांचे इलेक्ट्रोड लावून व्होल्टेज चढवताना, भोक इलेक्ट्रोडच्या कडेलाच पडत असेल तर तो आकडा पदार्थाचा नसून कडेचा आहे. तेल बदला, कडा पॉलिश करा, पत्रा पातळ घ्या. जाडी वाढली की प्रति मिमी ताकद घटते, म्हणून १ मिमीच्या पत्र्यावरचा आकडा ५ मिमीच्या भिंतीला लावता येत नाही आणि अहवालात जाडी न लिहिलेला केव्ही प्रति मिमी निरुपयोगी असतो.